सीको ६३०९-७०४०: जुन्या डायव्हर घड्याळाची पारख

जुनी यांत्रिक डायव्हर घड्याळे (पाण्याखाली बुडी मारणाऱ्यांसाठी बनवलेली) जमवण्याची इच्छा असलेल्या गोव्यातील माणसाने सुरुवात सीको ६३०९-७०४० या घड्याळापासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ६३०९ या मशीनवर चालणारी, १५० मीटर खोलीच्या पाण्यासाठी बनवलेली ही डायव्हर घड्याळे १९७६ ते १९८८ या काळात बनली. सासष्टी-बारदेसमधील अनेक तारवटी, म्हणजे जहाजांवर काम करणारे, त्याच काळात परदेशी बंदरे फिरत होते. मी घेतलेले घड्याळ अशाच एका निवृत्त तारवट्याच्या घरातून आले. ते एकाच मनगटावर वापरलेले आणि फारसे कोणी न उघडलेले होते. असे घड्याळ बाजारातल्या चकचकीत नमुन्यापेक्षा कितीतरी मोलाचे ठरते.

पारख करताना बहुतेक लोक घड्याळ कानाला लावून मशीन चालते का हे आधी पाहतात. माझ्या मते मशीन सर्वांत शेवटी आणि डायल सर्वांत आधी पाहावी, कारण मशीन दुरुस्त होते, त्याचे भाग मिळतात. रंगवलेली डायल मात्र पुन्हा मूळ रूपात येत नाही. आपल्या देशात जुन्या घड्याळांच्या डायली नव्याने रंगवून विकण्याचा धंदा मोठा आहे, म्हणून भिंग घेऊनच बसावे. सहाच्या खुणेखाली, अगदी कडेला, बारीक अक्षरांत डायलचा क्रमांक असतो. तो पुसट, जाडाभरडा किंवा वाकडा छापलेला असेल तर तिथेच थांबावे. खुणांवरील आणि काट्यांवरील चमकणाऱ्या लेपाला सारखाच पिवळसरपणा आलेला असावा. डायल जुनाट आणि काटे पांढरेशुभ्र असतील तर काटे नंतर बसवलेले आहेत. या घड्याळांचा मूळ लेप आज जवळजवळ विझलेला असतो, त्यामुळे अंधारात डायल तेजाने उजळली तर विक्रेता ते कौतुकाने दाखवीत असला, तरी नवा लेप दिला गेला आहे असेच समजावे.

त्यानंतर केस, म्हणजे घड्याळाचे बाहेरचे धातूचे कवच. उशीसारख्या गोलसर आकाराच्या या केसचा वरचा पृष्ठभाग ब्रश केलेला आणि बाजू गुळगुळीत असतात, आणि या दोहोंमधली कडा ठळक असते. पॉलिश मारून ही कडा बोथट झाली की घड्याळाचे रूपच जाते. ओरखडे राहिलेले परवडतात, ते वापराचे आहेत. पाठीवर लाटेचे चिन्ह आणि सहा अंकी क्रमांक असतो. त्यातील पहिला अंक वर्षाचा शेवटचा आकडा आणि दुसरा महिना सांगतो. माझ्या घड्याळाचा पहिला अंक १ आहे, म्हणजे ते निःसंशय १९८१ सालचे. ६, ७ आणि ८ या अंकांबाबत मात्र दोन दशकांतील दोन वर्षे संभवतात, तेव्हा तिथे डायल आणि पाठ यांवरील मजकूर जुळवून निर्णय घ्यावा लागतो.

मशीनची परीक्षा सोपी आहे. १७ ज्वेलचे (घर्षण कमी करणाऱ्या खड्यांचे) हे स्वयंचलित मशीन तासाला २१,६०० ठोके देते. बाजूची चावी फिरवून त्याची स्प्रिंग गुंडाळता येत नाही, आणि चावी ओढली तरी सेकंद काटा थांबत नाही. चावी फिरवून स्प्रिंग गुंडाळली गेली किंवा सेकंद काटा थांबला, तर आत दुसरे मशीन बसवलेले आहे. बंद पडलेले घड्याळ हलकेच हलवल्यावर लगेच चालू व्हावे. काही सेकंद अडखळून थांबले, तरी सर्विसिंगचा खर्च धरून सौदा करायला हरकत नाही.

पाण्याबद्दल मात्र मी कोणतीही सवलत देणार नाही. डायलवर १५० मीटर लिहिले असले तरी ते नव्या घड्याळाचे वचन होते. चाळीस वर्षांत काचेखालची, पाठीची आणि चावीची रबरी कडी कडक होतात, चावीच्या आट्या झिजतात, आणि मग ग्रँड बेटाजवळच्या उथळ पाण्यातली एक बुडीसुद्धा डायल कायमची खराब करू शकते. शिवाय गोव्यात घड्याळ पाण्यात न नेताही धोका असतो, कारण पावसाळ्याची दमट हवा आणि किनाऱ्याचा खारा वारा सैल झालेल्या कड्यांतून आत शिरतो. यासाठी घड्याळ किंचित उबदार करून काचेवर थंड पाण्याचा थेंब ठेवावा आणि काही वेळाने पुसावा. आतून धुके दिसले तर ओल शिरलेली आहे, आणि ते घड्याळ लगेच घड्याळजीकडे न्यायला हवे. सगळी कडी बदलून दाबाची चाचणी घेतल्यावरही मी ते समुद्रात नेत नाही. पावसात भिजण्याइतका भरवसा मला पुरेसा वाटतो.

मनगटावर ते सुमारे ४५ मिलिमीटरचे असूनही मोठे वाटत नाही, कारण केसची पट्टा अडकवायची टोके आखूड असून ते सपाट बसते. पट्टा २२ मिलिमीटरचा लागतो. उन्हाळ्यात रबराचा पट्टा हाताला चिकटतो, म्हणून मी नायलॉनचा वापरतो.

सर्विसिंगला देताना एक अट आवर्जून घालावी: काच, काटे किंवा बेझलवरची (काचेभोवतीच्या फिरत्या कड्यावरची) चकती बदलावी लागली तर काढलेला प्रत्येक जुना भाग परत द्यायचा. आज निरुपयोगी दिसणारा उखडलेल्या रंगाचा मूळ काटा उद्या दुसऱ्या संग्राहकाला घड्याळाच्या खरेपणाचा पुरावा म्हणून दाखवता येतो, आणि तो हरवला तर बाजारातला कोणताही नवा काटा ती उणीव भरून काढत नाही.