साताऱ्यात फ्लॅट दिवसाच्या भाड्यावर द्यावा का? एजन्सीचा अनुभव

गोडोलीत आमचा टू बीएचके आहे, सासू-सासरे मेव्हण्याकडे पुण्याला गेल्यापासून बंदच होता. अकरा महिन्यांच्या करारावर द्यायचा की एअरबीएनबीसारखा दिवसावर, यावर घरात बरेच दिवस खल चालू होता, शेवटी असे फ्लॅट चालवून देणाऱ्या इथल्याच एका एजन्सीकडे सीझनपुरता दिला. नाव लिहीत नाही, कामाबद्दल लिहितो.

साफसफाई एक नंबर, हे पहिलं सांगतो. कासच्या फुलांच्या पठारावरून आलेल्या माणसाच्या बुटाला जांभ्याची लाल माती असते, पावसात तर जिन्यापासून बाथरूमच्या जाळीपर्यंत नुसतं तांबडं पाणी, आणि पोरं त्याच पायांनी बेडवर चढतात. एजन्सीच्या मावशी चादरी आधी नुसत्या गार पाण्यात भिजवायच्या, माती खाली बसली की पाणी बदलून मग पावडर, गरम पाणी अजिबात नाही. डाग राहिलेला मी तरी बघितला नाही. प्रत्येक पार्टी गेली की गीझर, शेगडी, नळ, रिमोट सगळ्याचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर यायचा. हिशोबही वेळेवर. कट पाव हिस्सा आणि धुलाईचे वेगळे, पण ते आधीच सांगितलेलं, त्यामुळं तक्रार नाही.

तक्रार आहे ती जाहिरातीची. फोटोखाली यांनी परस्पर टाकलं ‘कास पठारापासून दहा मिनिटं’. अहो, साताऱ्यातून कास पंचवीसेक किलोमीटर, मध्ये यवतेश्वरचा घाट, रविवारी गाड्यांची रांग, दहा मिनिटांत माणूस पोवई नाक्यावरून बाहेर पडत नाही. लोक कासचं ऑनलाइन बुकिंग करून आलेले, त्यांचा स्लॉट चुकला की राग आमच्या फ्लॅटच्या रेटिंगवर निघायचा. बाल्कनीतून समोर अख्खा अजिंक्यतारा दिसतो, ते लिहा की! तेवढ्यावर माणूस खूश होतो. दोनदा सांगून बदललं नाही, तिसऱ्यांदा फोन करून जरा आवाज चढवला तेव्हा बदललं.

आता पैशाचं, कारण बहुतेकांना तेच बघायचं असतं. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात, फुलं असतात तोवर शनिवार-रविवार फ्लॅट रिकामा राहत नाही. कास २०१२ ला पश्चिम घाटासोबत जागतिक वारशात गेलं, तेव्हापासून गर्दी ठरलेलीच, त्यात सप्टेंबरात हिल मॅरेथॉन, ठोसेघरचा धबधबाही जोरात. त्या दिवसांचे आकडे बघून कुणालाही वाटेल की भाडेकरू ठेवणारे वेडेच. पण सोमवार ते गुरुवार कोण येतंय? आणि मे महिन्यातली महाबळेश्वरची गर्दी आपल्याकडं येईल असं एजन्सीवाले सांगतात ते धरू नका, पुण्या-मुंबईची गाडी सुरूर फाट्यावरून वाई-पाचगणीमार्गे वर जाते, साताऱ्यात शिरतच नाही. रिकाम्या दिवसांचं वायफाय, मेंटेनन्स आपल्याच खिशातून, पार्टीनं रात्रभर एसी चालवला तरी लाइटबिल आपलंच. शिवाय साध्या भाड्यावर इन्कम टॅक्सला ३० टक्के स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, दिवसावर सर्व्हिस देऊन चालवलं की ते बहुतेक वेळा धंद्याचं उत्पन्न धरतात आणि ही सूट जाते, सीएला आधी विचारा.

आणि सोसायटी. खालच्या मजल्यावर काका-काकू दोघंच असतात, काकांची बायपास झालेली. रात्री एकला गाडी येणार, गेटवर हॉर्न, मग ‘अरे चावी कुठंय’ म्हणून जिन्यात आरडाओरडा. काकू मला एवढंच म्हणाल्या, ‘बाळा, रोज नवीन माणूस, दाराची बेल वाजली तरी धस्स होतं रे.’ एजन्सीला रात्री दहानंतर चेक-इन बंद करा म्हटलं तर म्हणतात पुण्याहून शुक्रवारी ऑफिस सुटल्यावरच निघतात लोक, धंदा जाईल. धंदा त्यांचा आहे हो, पण शेजार आमचा आहे, आणि मला हे पैशापेक्षा मोठं वाटतं.

माझं मत असं. स्वतंत्र बंगली असेल, गेट वेगळं असेल, कास रोडच्या अंगाला असेल तर अशी सर्व्हिस जरूर घ्या, कामाला माणसं चांगली आहेत, पाचपैकी साडेतीन स्टार देतो. सोसायटीतल्या फ्लॅटला नको. आम्ही बदली होऊन आलेल्या एका बँकवाल्या फॅमिलीला अकरा महिन्यांवर दिला. हा करार, म्हणजे लिव्ह अँड लायसन्स, ऑनलाइन रजिस्टर होतो, शहरात रजिस्ट्रेशन फी १००० रुपये आणि स्टँप ड्युटी भाडं-डिपॉझिटच्या हिशोबानं ०.२५ टक्के, अंगठे घ्यायला माणूस घरी येतो. पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायची तेवढी विसरू नका.

तरीही एजन्सीकडं द्यायचाच असेल तर सही करायच्या आधी दोन गोष्टी कागदावर घ्या: जाहिरातीचा मजकूर तुम्हाला विचारूनच टाकायचा, आणि करार सोडताना पुढची घेतलेली बुकिंगं कुणी निस्तरायची. आमच्यावेळी दुसरी गोष्ट लिहिलेली नव्हती, त्यामुळं फॅमिलीला सामान आणायला शेवटचा बुक झालेला वीकेंड संपेपर्यंत थांबावं लागलं.