३५ हजारांच्या आत लॅपटॉप: नवा कोरा घ्यावा की रिफर्बिश्ड बिझनेस मॉडेल?

घरचा हिशेब, मुलांचा अभ्यास, ऑनलाइन फॉर्म, मराठी टायपिंग, व्हिडिओ कॉल आणि संध्याकाळी यूट्यूब. एवढ्या कामासाठी लॅपटॉप हवा असेल, तर नागपुरात विचार करण्याजोगे पर्याय दोनच. शोरूममधला नवा, आय३ किंवा रायझन ३ चा साधा लॅपटॉप, नाहीतर सीताबर्डीतल्या दुकानांत मिळणारा रिफर्बिश्ड, म्हणजे कंपन्यांनी वापरून काढलेला आणि दुरुस्त करून विकलेला बिझनेस लॅपटॉप: थिंकपॅड टी४८०, लॅटिट्यूड ७४९०, एलिटबुक ८४० जी५ यांच्या पंक्तीतला. दुसरा बहुतेक वेळा बराच स्वस्त पडतो.

सेलेरॉन प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी (स्वस्त, संथ प्रकारचं) स्टोरेज असलेला नवा लॅपटॉप मात्र घेऊ नका, ऑफर कितीही चांगली असो. विंडोज ११ ची किमान अट नेमकी तेवढीच आहे, ४ जीबी आणि ६४ जीबी. म्हणजे पहिल्या दिवसापासून मशीन काठावर. काही महिन्यांत अपडेटला जागा उरत नाही, आणि ईएमएमसी मदरबोर्डवरच जोडलेली असल्याने ती बदलताही येत नाही.

आता वेगाचं. नव्या लॅपटॉपमधला कोअर आय३ १२१५यू सहा कोरचा (कोर म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग) आहे, दोन वेगवान आणि चार कमी वीज खाणारे. जुन्या बिझनेस मॉडेलमधले आय५ ८२५०यू किंवा ८३५०यू २०१७ चे, चार कोरचे. आय३ आणि आय५ या नावांवर जाऊ नका, इथे नवा आय३ स्पष्टपणे पुढे आहे. रायझन ३ ७३२०यू ची गोष्ट वेगळी. त्याच्या क्रमांकातला तिसरा आकडा आराखड्याची पिढी सांगतो. तो २ आहे, म्हणजे एएमडीचा झेन २ आराखडा, जो पहिल्यांदा २०१९ मध्ये आला. त्यामुळे क्रमांक ७ ने सुरू होतो म्हणून तो फार नवा समजू नये. यूट्यूबवर आणखी एक फरक जाणवतो. यूट्यूब वापरतं त्या एव्ही१ प्रकारचे व्हिडिओ उलगडण्याची सोय इंटेलच्या आठव्या पिढीच्या, म्हणजे ८२५०यू आणि ८३५०यू यांच्या, ग्राफिक्समध्ये नाही, ते ओझं प्रोसेसरवर पडतं आणि पंखा घोंघावतो. १२१५यू ला हा त्रास नाही. वर्ड, एक्सेल, दहा-बारा टॅब आणि मीटिंग यांत मात्र दोघांतलं अंतर फारसं कळत नाही. अट एकच: एसएसडी (वेगवान स्टोरेज) आणि पुरेशी रॅम हवी.

खरा निर्णय या रॅमपाशीच होतो. विंडोज ११ आणि ब्राउझर मिळून ८ जीबी सहज भरतात, म्हणून वर्षा-दोन वर्षांत १६ जीबी करावी लागेल असं धरूनच चाला. रायझन ३ ७३२०यू सोबतची एलपीडीडीआर५ रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली, म्हणजे कायमची डागलेली असते. ८ जीबीचा घेतला की कायम ८ जीबीच. आय३ १२१५यू च्या लॅपटॉपमध्ये मॉडेलनुसार फरक आहे. कुठे दोन स्लॉट, कुठे थोडी सोल्डर आणि एक स्लॉट, कुठे सगळीच सोल्डर. दुकानदाराच्या तोंडी उत्तरावर न थांबता कंपनीच्या साइटवरचं त्या मॉडेलचं पूर्ण स्पेसिफिकेशन उघडा. दोन स्लॉट असतील आणि एकात ८ जीबीची पट्टी असेल, तर दुसऱ्यात तशीच लावल्यावर रॅम ड्युअल चॅनलवर, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरून चालते आणि ग्राफिक्सही सुधारतं. वर सांगितलेल्या तिन्ही बिझनेस मॉडेलमध्ये डीडीआर४ चे दोन स्लॉट आहेत.

बांधणीत जुना उजवा आहे. स्वस्त नव्या लॅपटॉपमध्ये बिजागरीचे स्क्रू प्लास्टिकमध्ये बसवलेल्या पितळी नटांत जातात. एका कोपऱ्याला धरून स्क्रीन उघडायची सवय असेल, तर हे नट उपटून येतात आणि कव्हर फुटतं. स्क्रीन नेहमी मधोमध धरून उघडावी. डिस्प्लेची परीक्षा दुकानातच होते. एखादा रंगीत फोटो उघडून स्क्रीन मागे-पुढे कलवा. रंग उलटे दिसले तर पॅनल स्वस्तातलं टीएन आहे, कुठूनही नीट दिसणारं आयपीएस नाही. जुन्यांत १३६६ बाय ७६८ रिझोल्यूशनची युनिट्सही येतात, ती नाकारा आणि फुल एचडीच मागा. कॅमेरा बहुतेक वेळा दोन्हीकडे ७२०पी, त्यावर निर्णय घेऊ नका.

नागपूरचा उन्हाळा हा या तुलनेतला वेगळा मुद्दा आहे. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालण्यासाठी बनवलेले असतात, आणि मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पार जातो. घरोघरी कूलर. त्याच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवला की दमट हवा आणि धूळ मिळून हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांवर थर बसतो, हवा अडते, आणि प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. लॅपटॉप कूलरच्या झोताबाहेर, कडक पृष्ठभागावर ठेवा. गादीवर नको. मार्चच्या आत खालचं झाकण उघडून पंखा साफ करून घ्या. जुन्या मशीनची थर्मल पेस्टही (प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) त्याच वेळी बदला. टी४८० उघडण्याआधी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन आतली बॅटरी डिसेबल करावी लागते. भर उन्हात गाडीच्या डिक्कीत लॅपटॉप ठेवणं बॅटरीला सगळ्यात घातक. चार्जर सतत लावलेला असेल, तर ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवणारी सेटिंग सुरू करा, ती बऱ्याच मॉडेलमध्ये असते.

रिफर्बिश्ड घ्यायचा ठरला, तर निवांत वेळ काढून जा. आठव्या पिढीच्या खालचं काही घेऊ नका. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि सातव्या पिढीचे आय५ विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. मशीन सुरू होताना बायोस उघडून बघा: थिंकपॅडला एफ१, डेलला एफ२, एचपीला एफ१०. पासवर्ड मागितला तर उठून या. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड बॅटरी काढून जात नाही, त्यावर लेनोवोचा उपाय मदरबोर्ड बदलणं हाच आहे. मग दुकानदाराला समोरच विंडोज रीसेट करायला सांगा आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा. सुरुवातीच्या सेटअपमध्ये एखाद्या कंपनीच्या नावाने लॉगिन मागितलं, तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या नोंदीत आहे. दर फॉरमॅटनंतर ते लॉगिन पुन्हा समोर येईल.

बॅटरीसाठी विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढायला लावा. मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्ज क्षमता ताडून बघा. ८० टक्के उरली असेल तर उत्तम, ६० च्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून मागा. जुन्या मशीनमध्ये सायकल (पूर्ण चार्ज होऊन वापरल्याची संख्या) शून्य आणि क्षमता शंभर टक्के दिसली, तर बॅटरी बदललेली आहे, ती कोणत्या मेकची आहे ते विचारा. एसएसडीची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं सॉफ्टवेअर दाखवतं. विंडोज ॲक्टिव्हेशनला मुदतीची तारीख दिसत असेल, तर ते घरगुती ग्राहकाचं खरं लायसन्स नव्हे. टी४८० घेताना टाइप-सी पोर्टवर चार्जिंग होतं ना ते बघा. त्या पोर्टच्या थंडरबोल्ट चिपमधल्या जुन्या फर्मवेअरमुळे (चिपच्या आतल्या सॉफ्टवेअरमुळे) ते बंद पडू शकतं, म्हणून लेनोवोने दिलेलं सुधारित फर्मवेअर पहिल्याच दिवशी टाका.

नव्यात ही झाडाझडती लागत नाही. वर्षाची कंपनी वॉरंटी, विंडोज खरं, आणि पुष्कळ मॉडेलसोबत ऑफिसही येतं. ते ऑफिस मात्र १८० दिवसांच्या आत आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर घ्यावं लागतं, नाहीतर हातचं जातं. खातं घरातल्याच माणसाचं वापरा, दुकानदाराचं नको.

इंजिनिअरिंगला चार वर्षं रोज कॉलेजात न्यायचा असेल, किंवा घरात दुरुस्तीच्या मागे धावणारं कुणी नसेल, तर नवा आय३ १२१५यू घ्या, रिकामा रॅम स्लॉट असलेलाच. टेबलावरच राहणार असेल, टायपिंग भरपूर असेल आणि बजेट २५ हजारांच्या आत असेल, तर १६ जीबीचा बिझनेस लॅपटॉप. सोल्डर केलेल्या ८ जीबीचा नवा लॅपटॉप आणि तपासून घेतलेला जुना यांत निवडायची वेळ आली, तर आमचं मत जुन्याच्या बाजूने.

जुन्याचं बिल जीएसटीचंच घ्या. त्यावर सिरियल नंबर, दुकानाची वॉरंटी किती महिन्यांची आणि तीत बॅटरी व चार्जर धरले आहेत का, हे लिहून घ्या. सिरियल नंबर मशीनच्या पाठीवरचा नव्हे, बायोसमधला लिहायला सांगा. खालचं झाकण बदललेलं असू शकतं.