अक्षरजोडीवरून इंग्रजी शब्दांचा शोध : ‘वनलुक’चे परीक्षण

‘जी’ आणि ‘एच’ ही अक्षरे लगोलग येतात असे सर्व इंग्रजी शब्द अर्थांसह हवे असतील, तर वर्णानुक्रमाने लावलेला कोश फारसा उपयोगी पडत नाही, कारण ही जोडी शब्दाच्या आरंभी, मध्ये किंवा शेवटी कुठेही असू शकते. शिक्षक, शब्दकोडी सोडवणारे आणि स्पेलिंगचा अभ्यास करणारे या सर्वांना ही अडचण येते. ती दूर करणाऱ्या विनामूल्य साधनांमध्ये १९९६पासून चालू असलेले ‘वनलुक’ हे संकेतस्थळ मला सर्वांत भरवशाचे वाटते. त्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही नीट समजावून घेतल्या, तर ते निव्वळ याद्या देणाऱ्या साधनांपेक्षा कितीतरी अधिक देते.

वनलुक हा स्वतंत्र कोश नाही. तो अनेक कोशांमध्ये एकाच वेळी शोध घेतो आणि सापडलेल्या शब्दावरून मेरियम-वेब्स्टर, केंब्रिज, कॉलिन्स, विक्शनरी अशा कोशांतील नोंदींकडे नेतो. त्यामुळे एकाच शब्दाच्या दोन-तीन व्याख्या शेजारी ठेवून वाचता येतात. अक्षररचनेवरून शोधण्यासाठी त्यात मोजकी चिन्हे आहेत : तारांकन म्हणजे कितीही अक्षरे, प्रश्नचिन्ह म्हणजे नेमके एक अक्षर, हॅशचे चिन्ह म्हणजे कोणतेही व्यंजन आणि ‘ॲट’चे चिन्ह म्हणजे कोणताही स्वर.

दोन तारांकनांच्या मध्ये ‘जी-एच’ लिहून शोध घेतला की या पद्धतीची मर्यादा लगेच दिसते. नाइट, डॉटर, लाफ, घोस्ट यांच्याच रांगेत फॉगहॉर्न, डॉगहाउस, लाँगहँड असे शब्दही येतात. या जोडशब्दांत पहिला शब्द ‘जी’ने संपतो आणि दुसरा ‘एच’ने सुरू होतो, म्हणजे तिथे जोडी नसून केवळ सांधा असतो. संगणकाला अक्षरे दिसतात, सांधा दिसत नाही. ‘पी-एच’च्या बाबतीत हाच सांधा उच्चारही बदलतो : ‘शीप’ आणि ‘हर्ड’ यांपासून बनलेला, मेंढपाळ या अर्थाचा शब्द ‘शेपर्ड’ असा उच्चारायचा असतो, पण ती अक्षरे ‘फोन’मधल्यासारखी वाचून अनेक जण ‘शेफर्ड’ म्हणतात. यावर वनलुकमध्येच एक चांगला उपाय आहे. ‘जी-एच’नंतर हॅशचे चिन्ह घालून पुढे व्यंजनच हवे अशी अट लावली, तर हे जोडशब्द जवळजवळ सर्व गळून पडतात, कारण इंग्रजीत शब्दारंभीच्या ‘एच’नंतर बहुधा स्वरच येतो. या अटीमुळे लाफ, कफ, साय (sigh) यांसारखे ‘जी-एच’ने संपणारे शब्दही निसटतात, म्हणून त्यांच्यासाठी वेगळा शोध घ्यावा लागतो. त्या दुसऱ्या यादीत एडिंबरा, पिट्सबर्ग अशी विशेषनामेही येतात, ती वाचकाने स्वतः वगळावीत.

अशा रीतीने गाळून मिळालेली यादी खरोखर वाचनीय असते. जुन्या इंग्रजीत या शब्दांमध्ये घशातून निघणारा एक घर्षक, म्हणजे हवा घासून निघणारा ध्वनी होता, जर्मन ‘नाख्ट’मध्ये आजही ऐकू येतो तसा. पुढे बहुतेक इंग्रजी बोलींतून तो लोपला, स्पेलिंगमध्ये मात्र टिकून राहिला. म्हणून नाइट, लाइट, थॉट यांत ही अक्षरे मूक आहेत, तर रफ, टफ, एनफ यांत त्यांचा ‘फ’ झाला. अर्थाच्या दृष्टीनेही यादीत मोलाचे शब्द आहेत. ‘रॉट’ (wrought) हे ‘वर्क’चे जुने भूतकाळी रूप असून त्याचा अर्थ घडवलेले असा आहे. नाटककार या अर्थाच्या ‘प्लेराइट’मधल्या ‘राइट’चा (wright) लिहिण्याशी संबंध नाही, त्याचा अर्थ घडवणारा कारागीर. ‘स्लाइट’ हा शब्द दोन स्पेलिंगांनी मिळतो, त्यातला एक (sleight) हातचलाखीचा आणि दुसरा (slight) किंचित किंवा उपेक्षा या अर्थाचा. ‘डिलाइट’ तर मुळात फ्रेंचमधून आलेला शब्द आहे, त्याला ही दोन अक्षरे ‘लाइट’च्या अनुकरणाने नंतर जोडली गेली.

आरंभी ‘जी-एच’ असलेले शब्द थोडे आहेत आणि त्यांच्या वाटा वेगवेगळ्या आहेत : ‘घूल’ अरबीतून, ‘घेटो’ इटालियनमधून, ‘घाट’ आपल्याकडच्या भाषांतून इंग्रजीत गेला.

वनलुकची खरी उणीव इथेच जाणवते. हे सारे नातेसंबंध त्याच्या यादीत कुठेच दिसत नाहीत. शब्द उच्चारानुसार किंवा व्युत्पत्तीनुसार गटांत येत नाहीत, त्यामुळे ‘फ’ उच्चाराचे आणि मूक उच्चाराचे शब्द वेगळे करण्याचे काम आपल्यालाच करावे लागते. नवशिक्या विद्यार्थ्यापुढे ही यादी आहे तशी ठेवणे मी योग्य मानत नाही. शिक्षकाने ती आधी वाचून, उच्चारांप्रमाणे गट पाडून मगच द्यावी.

असे असूनही मी या साधनाची मनापासून शिफारस करतो, आणि त्याचे मुख्य कारण म्हणजे त्यातील विसर्गासारख्या दोन टिंबांची, म्हणजे कोलनची सोय. अक्षररचना लिहून पुढे कोलन आणि त्यानंतर एखादा अर्थदर्शक शब्द दिला, की ती रचना पाळणारे आणि त्या अर्थाच्या जवळचे शब्द समोर येतात. ‘जी-एच-टी’ असलेल्या शब्दांना भीतीची, प्रकाशाची किंवा वजनाची अट जोडली, की शेकडो शब्दांच्या यादीऐवजी फ्राइट, ब्राइट, वेट यांच्या आसपासचे मोजके शब्द हाती लागतात. वर्गात एका तासात शिकवायला तेवढे पुरेसे होतात.