पु. लं.चं ‘असा मी असामी’: एकट्याने वाचू नका, घरात मोठ्याने वाचा

पुस्तक १९६४ सालचं आहे, मौज प्रकाशनाचं, त्यामुळे आता त्याचा रिव्ह्यू काय लिहायचा असं कुणीही म्हणेल. पण माझ्या ओळखीत पु. ल. आवडतात म्हणणारी निम्मी माणसं मोबाईलवर म्हैस आणि नारायण ऐकून थांबलेली आहेत, अख्खं पुस्तक हातात घेतलेलंच नाही, आणि ज्यांनी घेतलं त्यांनी कॉलेजात असताना एकट्याने वाचून कपाटात ठेवलं. माझंही तेच होतं. लग्न होऊन, मुलं मोठी होऊन, सासर-माहेर दोन्हीकडची लग्नं-मुंजी-बारशी निस्तरून झाल्यावर परत वाचलं तेव्हा कळलं की यातले निम्मे विनोद संसारी माणसासाठीच लिहिलेले आहेत.

गोष्ट म्हणाल तर काहीच नाही. धोंडो भिकाजी कडमडेकर जोशी, घरात बेंबट्या, मुंबईत कारकुनी करणारा, चाळीत राहणारा माणूस स्वतःचं चरित्र सांगतो. पराक्रम शून्य. पोरं मोठी होतात, धोतर जाऊन पॅन्ट येते, बायकोला नवीन काहीतरी हवं असतं, पाहुणे येतात, ओळखीचे लोक नको ते सल्ले देतात, आणि हा बिचारा सगळ्याला हो म्हणत फरफटत जातो, मनातल्या मनात कुरकुरतो पण तोंडाने नाही म्हणायची हिंमत नाही. बस एवढंच. आणि यातच पानं भरभर उलटतात, कारण हसायचं कुणाला तर त्याला स्वतःलाच, बायकोला किंवा शेजाऱ्याला टोमणा मारला तरी शेवटी फजिती याचीच होते.

साडी खरेदीचा भाग तर मी कितीदा वाचलाय ते सांगायला लाज वाटेल. बायकोबरोबर दुकानात गेलेला नवरा, समोर साड्यांचा ढीग वाढतोय, आणि याला कौतुक कसलं तर त्या दुकानदाराच्या सहनशक्तीचं! आमच्याकडे गोव्यात चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आधी हेच. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळांचं सामान घ्यायचं म्हणून सगळे मिळून निघतो, नारळ सुपाऱ्या आणि ती रानातली फळं घेऊन होतात, की नणंद म्हणते जाता जाता एक साडी बघूया. जाता जाता! मग आमचे हे बाहेर स्कूटरची किल्ली बोटात फिरवत उभे, दर थोड्या वेळाने आत डोकावून झालं काय म्हणून विचारणार, आणि आतला सेल्समन मात्र शांतपणे पुढची घडी मोडतोय. मी पुस्तकातला तो भाग यांना वाचून दाखवला तर म्हणाले, हे माझ्यावर लिहिलंय. दुसऱ्या दिवशी नणंदेला ऐकवला तर ती म्हणाली, हे बघ, दादा अगदी असाच करतो. स्वतःला कुणी ओळखत नाही हां, सगळ्यांना दुसराच दिसतो, फक्त आमच्या यांनी मात्र लगेच हात वर केला, तेवढं श्रेय द्यायला हवं.

म्हणूनच मी म्हणते की हे चारचौघांत मोठ्याने वाचायचं पुस्तक आहे. आमचं मूळ घर फोंड्याकडचं, चवथीला सगळे तिथे जमतात, आरत्या झाल्या, घुमट हे आमचं मातीचं वाद्य वाजवून झालं की नेवऱ्यांचा म्हणजे करंज्यांचा डबा मध्ये ठेवून गप्पा, आणि बाहेर पाऊस म्हणजे वीज जाणारच. वीज गेली की पोरांच्या फोनची बॅटरीपण संपत येते, मग ती आपसूक माणसांत येतात. तेव्हा जाऊबाईंनी टॉर्च धरून वाचायला सुरवात केली. त्या गावच्या जत्रेतल्या नाटकांत कामं केलेल्या, त्यामुळे आवाज काढून वाचतात, आप्पा भिंगार्डे आले की एकदम कोकणी बाज, नानू सरंजामे आला की मान वर करून तोऱ्यात. पोरं आधी हसली ती काकीच्या आवाजाला, मग हळूहळू मजकुराला. सासरे आयुष्यभर सरकारी ऑफिसात होते, ते भिंतीला टेकून डोळे मिटून पडलेले, आम्हाला वाटलं झोपले. सकाळी चहा घेताना म्हणाले, त्या बेंबट्याचं पुढे काय झालं ते नाही वाचलंत?

सगळ्यांना सगळं आवडलं असं मात्र नाही. गुरुदेवांच्या सत्संगाचा जो भाग आहे, म्हणजे कुणाला काही कळत नाही पण सगळे भक्तिभावाने माना डोलवतायत, तो आमच्या एका काकींना बोचला. त्या स्वतः दर आठवड्याला अशाच ठिकाणी जातात. उठून स्वयंपाकघरात गेल्या, पण भांड्यांचा आवाज काही आला नाही, दारातच उभ्या होत्या ऐकत. मला विचाराल तर पुस्तकातला सगळ्यात धारदार भाग हाच, आणि आज तर जास्तच लागू पडतो, फक्त गुरुदेव आता व्हॉट्सॲपवर रोज सकाळी येतात.

आता गोव्यात बसून गिरगावची चाळ कशी काय जवळची वाटते असं माझ्या मुलीनेच विचारलं. अगं, आपल्या लोकांचं अर्धं गणगोत तिथेच होतं की! पोर्तुगीज काळात शिकायला नोकरीला माणसं मुंबईच गाठायची, तिथे दि गोवा हिंदु असोसिएशन ही संस्था १९१९ साली सुरू झाली, म्हणजे पु. लं.चा जन्म झाला त्याच साली, आणि मराठी नाटकं करण्यात तिचं नाव मोठं. सासऱ्यांचे एक काका तिथल्याच एका खोलीत आयुष्य काढून आले, सुट्टीत गावी आले की मुंबईच्या गोष्टी सांगायचे म्हणे, आणि त्या चाळीतल्या गोष्टी ऐकलेली माणसं आमच्या घरात अजून आहेत. शिवाय पु. लं.चा गोव्यावर जीव होताच, आपल्या बाकीबाबांच्या म्हणजे बोरकरांच्या कविता ते आणि सुनीताबाई कार्यक्रम करून वाचायचे, हे आमच्याकडे अजून अभिमानाने सांगितलं जातं.

खटकलं ते पण सांगते. बायको आपल्याला दिसते ती बेंबट्याच्याच डोळ्यांतून. ती हट्टी, हौशी, नव्या फॅशनच्या मागे, हे सगळं त्याचं म्हणणं. पण त्या काळात कारकुनाच्या पगारात घर चालवून, पोरांना वाढवून, वर चार माणसांत नवऱ्याला बरा दिसेल असा ठेवणारी बाई, तिने हेच चरित्र सांगितलं असतं तर कुणाची फजिती झाली असती? मला ते पुस्तक वाचायला फार आवडलं असतं. जाऊबाईंना हे बोलले तर त्या म्हणाल्या, तिला लिहायला वेळ कुठे होता. दुसरं म्हणजे तरुण मुलांना बऱ्याच गोष्टी समजावून सांगाव्या लागतात. धोतरातून पॅन्टमध्ये जाणं ही केवढी मोठी घटना होती हे माझ्या मुलीला कळेना, मग सासऱ्यांनी त्यांच्या वडिलांचं सांगितलं तेव्हा कुठे तिला हसू आलं. तिसरं, हे एका दमात वाचू नका, मधे काही पानं सलग सल्ले देणाऱ्या माणसांचीच येतात आणि थोडं तेच तेच वाटतं.

ऐकायचं की वाचायचं? पु. ल. याचा एकपात्री प्रयोग करायचे, त्यांच्या आवाजातलं रेकॉर्डिंग मिळतं, आणि आवाज तर काय, प्रत्येक माणूस समोर उभा राहतो. मी फोंडा ते पणजी कदंबात, म्हणजे आमच्या सरकारी बसमध्ये कानात घालून ऐकलंय आणि शेजारच्या बाई सरकून बसल्या. पण प्रयोगात वेचक भाग आहेत, पुस्तकात त्याहून बरंच जास्त आहे, विशेषतः उगीच विषय सोडून भरकटतात ती वाक्यं, आणि मला तीच जास्त आवडतात. बटाट्याची चाळ आधी वाचलेली असेल तर तुलना होणारच. चाळीत गर्दी मोठी, अख्खी चाळच हसवते, इथे एकच घर आहे आणि म्हणून ते जास्त घरचं वाटतं. व्यक्ती आणि वल्लीला १९६५ साली साहित्य अकादमी मिळालं, तिचा मान मोठा आहे हे मान्य, तिच्यात डोळ्यांत पाणी आणणाऱ्या जागा पण आहेत. पण पावसात पंधरा माणसं एका खोलीत कोंडलेली असताना मी तरी असामीच काढीन.

नव्याने घेणाऱ्यांना एवढंच सांगते की पहिल्या पानापासून सुरू करायचा हट्ट धरू नका, घरात वाचायचं तर साडीच्या भागापासून करा, पोरं बसतात. गुरुदेवांचा भाग मात्र कोण कोण जमलंय ते बघून काढा.