पेटवणासाठी पऱ्हाट्या की तुराट्या?

सरपणाचा लहान टाल, म्हणजे जळाऊ लाकडाची वखार, टाकायचा म्हटलं की बाभळीचे ओंडके कुठून आणायचे आणि फोडायला माणूस कोण, यावरच सगळी चर्चा होते. चूल पेटवायच्या बारीक काड्यांचा, म्हणजे पेटवणाचा, विचार शेवटी होतो, आणि तोही ‘गावातून येईल काहीतरी’ एवढाच. मला विचाराल तर लहान टालाचं गिऱ्हाईक पेटवणावरच टिकतं. लग्नाचा आचारी बाभूळ कुठूनही ट्रॉलीभर उचलतो. पण ढाब्यावरचा पोऱ्या, चुलीवरची भाकर विकणारी बाई आणि रोज पहाटे बंब पेटवणारं घर हे पुन्हा पुन्हा येतात, ते भाऱ्यासाठी. उज्ज्वला योजना 2016 मध्ये आली, घरोघर सिलिंडर पोचले, तरी आंघोळीच्या पाण्याला आणि तेरवी-भंडाऱ्याच्या स्वयंपाकाला आमच्याकडे अजून लाकूडच लागतं.

वऱ्हाडात आणि वर्धा-यवतमाळ पट्ट्यात पेटवण म्हणजे मुख्यतः दोनच गोष्टी: पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या, आणि तुराट्या, म्हणजे तुरीच्या. पुष्कळदा दोन्ही एकाच वावरातून निघतात, कारण कपाशीत तुरीचे तास असतातच. झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्वेकडच्या धानाच्या भागातल्या, मंडळींना हा प्रश्न फारसा पडणार नाही. तिकडे धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यावर (बांधावर) तूर असते, कपाशी नसते. एक सुख दोन्हींत सारखं आहे. हा पिकाचा उरलेला भाग. सागवान, मोह, आंबा, चिंच ही झाडं 1964 च्या झाडतोड कायद्यात येतात, त्यांच्या लाकडाला परवानगीचे कागद लागतात. काड्यांना तसलं काही लागत नाही. मी दोन्ही माल ठेवून पाहिले आहेत, त्यावरूनच लिहितो.

आधी पऱ्हाट्यांची बाजू, कारण ती कागदावर फारच भक्कम आहे. माल जवळपास फुकट. शेवटची वेचणी झाली की कास्तकाराला वावर मोकळं करून हवं असतं. ‘उपटा आणि घेऊन जा’ म्हणणारे पाहिजे तेवढे भेटतात. खर्च फक्त उपटणाऱ्या मजुरांचा, उपटायच्या चिमट्याचा आणि बंडी-ट्रॉलीचा. मालाला तोटा नाही. पाच-सहा कास्तकारांशी बोलणं झालं तर टालामागची जागा पुरणार नाही. शिवाय पऱ्हाटी खरोखर लाकडासारखी असते. बुडाची काडी अंगठ्याएवढी जाड, जाळ लांब चालतो, मागे थोडा निखाराही राहतो. नुसत्या पऱ्हाट्यांवर भाकरी होते, वरून लाकूड घालावं लागत नाही. ज्या घरांत फोडलेली बाभूळ परवडत नाही, तिथे हा गुण फार मोठा.

तुराटीचं तसं नाही. ती धडधडून पेटते आणि तेवढ्याच लवकर संपते. एका काडीला आगपेटीची काडी लावली की पुरे, रॉकेल नको, कागद नको, फुंकणीही नको. पण तिच्या भरवशावर स्वयंपाक करायला बसाल तर चुलीपुढून उठता येणार नाही. म्हणून तुराटी हे शुद्ध पेटवण. तिच्यावर ओंडके घ्यावेच लागतात. टालवाल्याला हे सोयीचं आहे, कारण भारा नेणारा फोडलेलं लाकूडही नेतो.

हाताळणीत मला तुराटी उजवी वाटली. वाळलेली तुराटी गुडघ्यावर घेऊन दाबली की कट्‌कन तुटते, दोन तुकडे साफ वेगळे. बायामाणसं, म्हातारी माणसंही चुलीजवळ बसून हातानं मोडतात. पऱ्हाटीची साल वाकासारखी (दोर वळायच्या धाग्यासारखी) चिवट. आतली काडी मोडते, पण दोन तुकडे सालीला लोंबत राहतात, मग पीळ द्या नाहीतर कोयता शोधा. शिवाय पऱ्हाटीला फांद्या फार. गंजीतून एक भारा ओढला की शेजारचे चार हलतात, आणि ट्रॉलीत माल कमी, हवा जास्त. तुराट्या सरळ असतात, अंबाडीच्या वाकानं आवळल्या की भारा घट्ट बसतो आणि ट्रॉलीत जवळजवळ रचता येतो. अर्थात कास्तकारानं फांद्या छाटून दिल्या तर पऱ्हाट्याही बऱ्या बांधता येतात. तेवढ्या कारणानं मी त्या सोडल्या नसत्या.

सोडल्या त्या बोंडअळीपायी.

2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भातल्या कपाशीचं काय केलं, ते इथल्या माणसाला सांगायला नको. तेव्हापासून कृषी विभाग आणि नागपूरची कापूस संशोधन संस्था एकच गोष्ट सांगत आली आहे: फरदड (हंगाम संपल्यावरही कपाशी राखून घेतलेलं जास्तीचं पीक) घेऊ नका, हंगाम संपला की पऱ्हाट्या वावरातून काढा आणि धुऱ्यावर गंजी लावून ठेवू नका. कारण साधं आहे. हंगामाच्या शेवटी ही अळी न उमललेल्या बोंडांत, म्हणजे कवड्यांत, झोपून राहते. उन्हाळा तशीच काढते. पावसाळ्याच्या तोंडावर तिचा पतंग होतो आणि नव्या कपाशीला पात्या (फुलांच्या कळ्या) लागल्या की तिथे अंडी घालतो. पऱ्हाट्यांची गंजी म्हणजे पुढच्या वर्षीच्या अळीचं आयतं घर.

हे मला आधीही ऐकून माहीत होतं. पण मृगाच्या सुमाराला शेजारचा एक कास्तकार टालावर आला, माझ्या गंजीतली कवडी तोडली आणि तळहातावर फोडून पुढे धरली. “भाऊ, पाहा बरं आत काय निंगते ते.” दोन सरक्या एकमेकींना चिकटून जणू एकच झालेल्या. त्यानं नखानं त्या अलग केल्या, तर मधल्या पोकळीत गुलाबी अळी, अंग आखडून बसलेली. त्याचं वावर टालाच्या कुंपणाला लागून आहे आणि धूळपेरणी झालेली होती. तो भांडला नाही. कवडी माझ्या हातात ठेवून उभा राहिला. वर्षभर ज्याच्याशी उठबस, ज्याच्या धुऱ्यावरची बाभूळ मी घेतो, त्याच्या कपाशीला माझ्या मालानं नख लागावं, हे मला पटेना.

बरं, गंजी मे महिन्यातच संपवून टाकू म्हणावं, तर धंद्याचं गणित आडवं येतं. उन्हाळ्यात पेटवणाची गरजच कमी. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात कुणाचंही लाकूड कोरडं ठणठणीत असतं, परसातल्या काटक्यांनीही चूल पेटते. पेटवणाला खरी मागणी पावसाळ्यात. आखाडीपासून सुरू होते, पोळ्याला वाढते, महालक्ष्म्यांच्या जेवणावळींना तर गिऱ्हाईक दारात उभं असतं, कारण घरचं सरपण ओलावलेलं. म्हणजे ज्या चार महिन्यांत पेटवण विकायचं, नेमक्या त्याच महिन्यांत पऱ्हाट्या जवळ नकोत. याला तोड मला सापडली नाही. कवड्या झोडून जाळता येतात, काही टालवाले तसं करतातही. पण फांदी-फांदीला चार-दोन कवड्या असतात, बायांची मजुरी लागते, आणि एकही राहिली नाही याची खात्री कोण देणार? फुकटचा माल मग फुकट राहत नाही.

तुराटीत ही भानगडच नाही. शेंगा पोखरणारी अळी कोष करायला जमिनीत जाते, शेंगमाशीचा कोष शेंगेतच असतो. शेंगा झोडून झाल्या की काडीत बोंडअळीसारखी लपून राहणारी अळी उरत नाही. गंजी पोळ्यापर्यंत ठेवा, दिवाळीपर्यंत ठेवा, शेजारच्याला कसली भीती नाही. पावसानं भिजली तरी बारीक काडी असल्यामुळे एक चांगलं ऊन मिळालं की पुन्हा वाजायला लागते. फक्त खाली दगड किंवा बल्ल्या घालून गंजी जमिनीपासून उचलून धरा, नाहीतर उधई (वाळवी) दोन्हीला सारखीच लागते. आणि माल वर्षभरात काढा. दुसऱ्या वर्षी काडीतून भुसा पडायला लागतो, असा माझा तरी अनुभव आहे.

तुराटीची खरी अडचण पुरवठ्याची, आणि ती लहान नाही. पूर्वी तूर झोडपून काढत, तेव्हा तुराट्या आख्ख्या मिळत. आता मळणी यंत्रात झाड बुडखासकट जातं आणि पलीकडून कुटार (भुसा) पडतं. गुरांना ते चांगलं, आपल्याला काही उरत नाही. उरलेल्या तुराट्यांवर पुन्हा हक्क सांगणारे पुष्कळ: गोठ्याचा कूड, खराटे, टोपल्या, मांडवाचा आडोसा. म्हणून तुराटी विकत घ्यावी लागते आणि भाव दरवर्षी थोडा चढतो. दर मी लिहीत नाही. तालुका बदलला की तेही बदलतात.

तेव्हा तुमच्याकडे ट्रॅक्टर स्वतःचा असेल, पांढरा कोळसा (काडीकचरा दाबून केलेलं जळण) बनवणारा कारखाना जवळ असेल किंवा लग्नसराईतच माल उचलणारं ठरलेलं गिऱ्हाईक असेल, तर पऱ्हाट्या जरूर करा. फेब्रुवारी-मार्चमध्ये भरा आणि रोहिण्या लागायच्या आत शेवटची काडी हलवा. कारखान्यात तुकडे होऊन गेलेली पऱ्हाटी ही कास्तकारावर उपकारच आहे, नाहीतर वावरातच पेटवली जाते. पण टाल गावालगत असेल, तिन्ही बाजूंना कपाशी असेल आणि गिऱ्हाईक पावसाळ्यात भारा-भारा नेणारं असेल, तर कमी नफ्यातही तुराटी मला बरी वाटते. माझ्याकडे आता तीच असते. कुणाला पऱ्हाट्याच पाहिजे असतील तर मी उन्हाळ्यात थेट वावरातून उचलून द्यायला सांगतो, टालावर उतरवून घेत नाही.

तुराटी ठरवलीत तर बोलणी संक्रांतीच्या आधी करा, शेंगा वाळायला लागल्या की लगेच. हिरवी काडी घेऊ नका. कास्तकाराला मळणीबद्दल आधी विचारा. यंत्रानं काढणार असेल तर शेंड्याकडचा शेंगांचा भाग तेवढा यंत्रात घालून खालची काडी ठेवशील का, असं स्पष्ट बोला आणि त्या जास्तीच्या कामाची मजुरी आपण द्यायची तयारी ठेवा. थोडी उचल हातावर ठेवली तर बरं. यंत्र एकदा वावरात उभं राहिलं की तिथे कुणाला थांबायला वेळ नसतो.