केव्हीएम-युनिट-टेस्ट्स: रुक्ष आहे, फुकट आहे, आणि माझी चूक यानेच पकडली

एकच प्रोजेक्ट, एकच मशीन, आणि ‘मेक’ (कोडपासून प्रोग्रॅम बांधणारी आज्ञा) दरवेळी वेगळ्याच फाइलवर आपटायचा. एकदा सेगमेंटेशन फॉल्ट, एकदा कंपायलरच कोसळला, तिसऱ्यांदा काहीच न होता सगळं पार. हे चाललं होतं व्हीएमच्या (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी मशीनच्या) आतल्या व्हीएममध्ये. आम्ही एक जुना लिनक्स कर्नल आमचे पॅच लावून सांभाळतो, आणि आतल्या व्हीएमखाली तोच होता. मी आधी रॅमवर संशय घेतला. रात्रभर मेमटेस्ट लावून झोपलो, सकाळी चहा घेऊन पाहतो तर एकही चूक नाही.

मग केव्हीएम-युनिट-टेस्ट्सकडे वळलो. केव्हीएम म्हणजे लिनक्स कर्नलमधला व्हीएम चालवणारा भाग, आणि या त्याच्या टेस्ट. इतकी वर्षं केव्हीएमवर काम करून मी ते कधी नीट चालवलं नव्हतं, हे कबूल करतो. ‘टेस्ट्स’ म्हटलं की आपल्याकडे ‘ते क्यूएवाले बघतील’ अशी वृत्ती असते, ती माझ्यातही आहे.

हे आहे काय, तर छोट्या छोट्या गेस्टची, म्हणजे व्हीएमच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमची, पेटी. प्रत्येक गेस्टमध्ये ऑपरेटिंग सिस्टिमच नसते. क्यूईएमयू हा व्हीएम उभा करणारा प्रोग्रॅम त्याला उचलतो, मग गेस्ट थेट प्रोसेसरशी बोलतो, पास की फेल ते सांगतो आणि मरतो. हाच याचा मोठा गुण. लिनक्स गेस्टमध्ये बग शोधताना गेस्टचा शेड्युलर, त्याची मेमरी व्यवस्था, त्याचे ड्रायव्हर सगळे मध्ये लुडबुडतात. इथे मध्ये कोणी नाही. बसवणंही सोपं: कॉन्फिगर, मेक, मग रन_टेस्ट्स.

पहिल्या फेरीत सगळं हिरवंगार. ‘अ‍ॅक्सेस’ नावाची टेस्ट तर पेज टेबलच्या (कुठला पत्ता मेमरीत कुठे आहे, त्या नोंदवहीच्या) नोंदीतले बिट उलटसुलट करून असंख्य प्रकारे मेमरीला हात लावून बघते, तीही पास. मी वैतागून लॅपटॉप मिटला.

घोळ असा होता, की मी टेस्ट माझ्या लॅपटॉपवर चालवत होतो आणि तिथे ईपीटी (गेस्टच्या पत्त्यांचं भाषांतर प्रोसेसरनेच करण्याची इंटेलची सोय) चालू होतं. ईपीटी असलं की गेस्टने दिलेला इन्व्हीएलपीजी हा आदेश (एका पत्त्याची प्रोसेसरने लक्षात ठेवलेली नोंद पुसण्याचा) प्रोसेसर परस्पर उरकतो, हायपरव्हायझरला, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, कळतही नाही. जिथे ‘मेक’ मरत होता, तिथे बाहेरच्या होस्टने आतल्या हायपरव्हायझरला ईपीटी दिलंच नव्हतं. म्हणजे तिथे शॅडो पेजिंग (गेस्टच्या पेज टेबलाची हायपरव्हायझरने सांभाळलेली वेगळी आवृत्ती), आणि प्रत्येक इन्व्हीएलपीजी आमच्या कोडमधून जाणार. इंटेलने ईपीटी नेहालेमबरोबर २००८ मध्ये आणलं, त्यामुळे शॅडो पेजिंगला आता कोण विचारतं, असं वाटतं. नेस्टेड, म्हणजे व्हीएमच्या आतले, व्हीएम विचारतात.

केव्हीएम_इंटेल मॉड्यूल काढून ईपीटी=० (म्हणजे ईपीटी बंद) देऊन परत घातलं. आता तीच ‘अ‍ॅक्सेस’ टेस्ट मुंगीच्या पावलांनी चालली, वेळमर्यादाही वाढवावी लागली. आणि मग पडद्यावर धडाधड: फेल, अनएक्स्पेक्टेड अ‍ॅक्सेस. म्हणजे पेज टेबलात नोंद ‘हजर नाही’ अशी केली होती, वाचताना फॉल्ट यायला हवा होता, पण वाचन सुखरूप झालं. वाड्यातला भाडेकरू जागा सोडून गेला, पाटीही बदलली, पण पोस्टमनला कोणी सांगितलंच नाही. तो पाठांतरावर जुन्याच दारात पत्र टाकतोय. टीएलबी, म्हणजे प्रोसेसरने लक्षात ठेवलेली पत्त्यांची भाषांतरं, हेच ते पाठांतर.

खात्रीसाठी एक जुनी युक्ती केली. व्हीपीआयडी (टीएलबीतली नोंद कुठल्या व्हीएमची, ते सांगणारा शिक्का) बंद करून, म्हणजे व्हीपीआयडी=० देऊन, परत चालवलं. व्हीपीआयडी नसेल तर गेस्टमध्ये शिरताना आणि बाहेर पडताना प्रोसेसर टीएलबीतल्या त्या नोंदी पुसतोच. सगळं पास. व्हीपीआयडी चालू केलं की फेल. आता उरलं एकच: इन्व्हीएलपीजी हाताळताना कोणीतरी शॅडो टेबलातली नोंद काढतोय, पण त्या पत्त्याचा टीएलबी फ्लश करत (पुसत) नाही. गिटमध्ये, म्हणजे कोडच्या बदलांच्या इतिहासात, पाहिलं. ‘फ्लश दोनदा होतोय, एक काढला’ असा पॅच. खाली माझंच नाव.

दोनदा होत नव्हता. माझ्या वाचनात दोनदा होता.

‘मेक’ का मरायचा, तेही मग उलगडलं. गेस्टमधला लिनक्स मूळ मर्यादेनुसार ३३ पानांपर्यंतची मेमरी सोडताना एकेका पानाला इन्व्हीएलपीजी देतो. त्याहून जास्त असेल तर सगळाच टीएलबी धुतो. म्हणून फटका फक्त लहान तुकड्यांना. पान सोडलं, त्याच पत्त्यावर नवं पान आलं, आणि कंपायलरला दिसला जुन्या पानातला कचरा. थोडं समाधान एवढंच, की झेन या दुसऱ्या हायपरव्हायझरवाल्यांनाही २०२० मध्ये एक्सएसए-२८६ ही सुरक्षा सूचना काढावी लागली होती: पीव्ही (झेनशी जुळवून घेतलेल्या) गेस्टच्या इन्व्हीएलपीजी छापाच्या फ्लशनंतर शिळ्या नोंदी उरू शकत होत्या.

आता तक्रारी. कागदपत्रं जेमतेम, अमुक टेस्ट नक्की काय तपासते, ते सी कोड उघडूनच कळतं. फेल झाल्यावर पेज टेबलची नोंद समोर ओतली जाते, पण दोष फ्लशचा की शॅडो टेबलचा, हे तुम्हीच शोधायचं. सगळ्यात घातक म्हणजे ‘स्किप’, टेस्ट न चालवताच पुढे जाणं. नेस्टेडची सोय बंद असेल तर व्हीएमएक्सच्या (इंटेलच्या व्हीएम चालवण्याच्या आदेशांच्या) टेस्ट, त्यात इन्व्हीव्हीपीआयडीच्याही (व्हीपीआयडीनुसार टीएलबी पुसणाऱ्या आदेशाच्या), गुपचूप स्किप होतात. नेस्टेड आपोआप चालू असणं लिनक्स ४.२० पासूनचं, आमचा कर्नल त्याआधीचा. पहिल्या दिवशी त्या पिवळ्या ओळी मी वाचल्याच नव्हत्या. आणि होस्टने गेस्टचं पान काढून घेतलं, दुसऱ्या कोअरवर शिळी नोंद राहिली, अशा शर्यतीच्या बगसाठी हे हत्यार नाही. त्याला कर्नलच्या कोडसोबतच येणाऱ्या केव्हीएम सेल्फटेस्ट्स बऱ्या.

पाचपैकी चार तारे. एक तारा त्या स्किपसाठी कापला.

काढलेली फ्लशची ओळ परत घातली, ‘मेक’ लागोपाठ वीस वेळा चालवला, वीसही वेळा पार. आता रोज रात्री दोनला टेस्ट तीन प्रकारे लागतात: जसं आहे तसं, ईपीटी=०, आणि ईपीटी=० बरोबर व्हीपीआयडी=०. गेल्या मंगळवारी ईपीटी=० वाली लाल आली, पोटात गोळा आला. वेळमर्यादा संपली होती फक्त. मुलाने लॅपटॉपचा चार्जर काढून आपला फोन लावला होता.