‘गोल्डन अवर’ : बरेच महिने ऐकल्यानंतर

अमेरिकन कंट्री गायिका केसी मसग्रेव्हजचा ‘गोल्डन अवर’ हा अल्बम गेले बरेच महिने मी सतत ऐकतेय. स्वयंपाक करताना, लोकलमध्ये, रात्री दिवे मालवल्यावर. पहिल्या आठवड्यात आवडलेला अल्बम पुढे टिकतोच असं नाही, म्हणून मुद्दाम इतक्या उशिरा लिहितेय.

केसी टेक्सासची. कंट्री म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेलं, गिटार-बँजोवरचं गाणं. २०१३ चा ‘सेम ट्रेलर डिफरंट पार्क’ आणि २०१५ चा ‘पेजंट मटेरियल’ यांत छोट्या गावातली माणसं, त्यांची घुसमट आणि त्यावर नेमकं बोट ठेवणारे शब्द होते. ३० मार्च २०१८ ला आलेल्या ‘गोल्डन अवर’मध्ये तिने डॅनियल टॅशियन आणि इयन फिचक यांच्या जोडीने स्वतःही निर्मितीत भाग घेतला. कंट्रीचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलला, गायिका शेरिल क्रोच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण करताना कंट्रीच्या अंगणात डिस्कोचा ठेका आला, सिंथेसायझर आला, व्होकोडरही आला.

हा व्होकोडर म्हणजे माणसाच्या आवाजाला यंत्राचा रंग देणारं उपकरण. ‘ओह, व्हॉट अ वर्ल्ड’ त्यानेच सुरू होतं आणि थोड्याच वेळात शेजारी बँजो येऊन बसतो. इतक्या वेळा ऐकूनही ती जागा आली की मी हातातलं काम थांबवते. यंत्राचा आवाज आणि लाकडी, तारेचं वाद्य एकमेकांना ढकलत नाहीत. कारण मुळात चाल साधी आहे, गिटार घेऊन अंगणात बसून गाता येईल इतकी. अख्ख्या अल्बमचं बळ मला इथेच दिसतं. वाद्यं काढून घेतली तरी गाणं उभं राहतं, त्यामुळे वरून कितीही नवे रंग चढवले तरी ते उपरे वाटत नाहीत. पेडल स्टील, म्हणजे आडवं ठेवून वाजवायचं गिटारसारखं वाद्य, ते तर आहेच, फक्त पूर्वीसारखं पुढे न येता मागे धुक्यासारखं पसरतं. ते ऐकायला चांगले हेडफोन हवेत. मोबाईलच्या स्पीकरवर अर्धा अल्बम हरवतो.

सगळी गाणी सारखी टिकली नाहीत. ‘हाय हॉर्स’ हे डिस्को गाणं लगेच पकड घेतं, पाय थिरकायला लावतं, पण सर्वांत आधी शिळंही तेच झालं. ‘व्हेल्वेट एल्विस’ मी आता बहुतेक वेळा पुढे ढकलते. उलट सुरुवातीचं ‘स्लो बर्न’ दर महिन्याला मोठं होत गेलं. त्यात नाक टोचलं म्हणून रडणारी आजी आहे. आपल्याकडे नाक टोचून घे म्हणून मागे लागणाऱ्या आज्या असतात, आणि टेक्सासची ही आजी डोळ्यांत पाणी आणते! तरीही ती आजी मला परकी वाटत नाही.

‘मदर’बद्दल थोडं जास्त बोलायला हवं. दीड मिनिटही न चालणारं हे गाणं. मुलीला दूर असलेली आई आठवते, आणि ती आईही तिकडे बहुधा तिच्या आईच्या आठवणीत बसली असेल, एवढंच त्यात आहे. कडवी वाढवण्याचा मोह केसीने टाळला हे फार मोठं काम आहे. लग्न होऊन किंवा नोकरीसाठी घर सोडलेल्या कुठल्याही बाईने ते एकटीने ऐकावं.

जुन्या केसीची एक गोष्ट मात्र इथे कमी झाली. ‘सेम ट्रेलर डिफरंट पार्क’मधल्या ‘मेरी गो राऊंड’ या गाण्यात गावाच्या रीतीभातीकडे बघणारी जी धारदार नजर होती, ती या प्रेमात न्हालेल्या अल्बममध्ये क्वचितच दिसते. मला तिची उणीव जाणवते, आणि आवाजाच्या नव्या विस्ताराने ती भरून निघत नाही.

कंट्री रेडिओने या गाण्यांना फारसा थारा दिला नाही. तरी २०१९ मध्ये ग्रॅमीचा ‘अल्बम ऑफ द इयर’ याच अल्बमला मिळाला, शिवाय ‘स्पेस काउबॉय’ला सर्वोत्तम कंट्री गीताचा मान. तो अगदी रास्त होता. त्या गाण्यात निघून जाणाऱ्याला ती अडवत नाही, रागावतही नाही, आणि आवाज शेवटपर्यंत चढवत नाही.

कंट्री संगीत कधीच ऐकलं नसेल तर आधी ‘सेम ट्रेलर डिफरंट पार्क’ पूर्ण ऐका, मग याकडे या. तिने काय जपलं आणि काय सोडलं, ते त्याशिवाय कळणार नाही. आणि शेवटचं ‘रेनबो’, नुसता पियानो आणि तिचा गळा, ते शफलवर लावू नका. आधीची बारा गाणी ऐकून मगच त्याच्यापर्यंत पोहोचा.